मेटल आणि इलेक्ट्रॉनिक गाण्यात बेस व गिटार यांचे मिक्सिंग कसे करावे

मेटल आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकाच गाण्यात आणले की खर्जाच्या भागावर चार जण हक्क सांगू लागतात: किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेस गिटार, सिंथेसायझरचा सब-बेस (अगदी खालचा बेस) आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणे) लावलेली गिटार. यांतला प्रत्येक आवाज एकटा ऐकला तर उत्तम वाटतो, पण चारही फेडर (पातळीच्या सरकपट्ट्या) वर नेले की गाण्याचा घट्टपणा जातो आणि नुसती घरघर उरते. मग मिक्सिंग करणारा, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा तोल साधणारा, ईक्यूची (वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाची) बटणे फिरवत रात्र घालवतो आणि सकाळी ऐकतो तेव्हा घरघर तशीच असते. गाण्याच्या प्रत्येक भागात खर्जाचा मालक कोण, हे आधी ठरवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ईक्यू, कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून पातळी सारखी ठेवणारा) आणि साइडचेन (एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा दाबणे) ही साधने त्या निर्णयाची अंमलबजावणी करतात. निर्णयच झालेला नसेल तर ती काय करणार?

नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. पथकात पन्नास ढोल असले तरी ते सगळे एकाच ठेक्यावर पडतात, म्हणून त्या सर्वांचा मिळून एकच भला मोठा ढोल ऐकू येतो, आणि बारीक, जलद बोल वाजवण्याचे काम ताशाकडे असते. ढोलांनीही ताशाचे बोल वाजवायचे ठरवले, तर दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या मेन रोडवर कोणालाच काही कळणार नाही. कमी वारंवारतेची लहर उठायलाही वेळ घेते आणि विरायलाही, त्यामुळे खर्जात एका वेळी एकच गोष्ट स्वच्छ सांगता येते.

पुढील सर्व विवेचनासाठी मी एकच गाणे उदाहरण म्हणून धरले आहे. गेल्या पावसाळ्यात नाशिकरोडच्या तीन तरुणांनी ते माझ्या इंदिरानगरच्या खोलीत मिक्सिंगसाठी आणले होते. त्याची लय मिनिटाला १४० ठोक्यांची, गिटार ड्रॉप सी जुळणीत (सर्वांत जाड तार सी स्वरापर्यंत उतरवलेली) आणि बेस गिटार तिच्या बरोबर एक सप्तक खाली. कडव्यांत सिंथ आणि ड्रम मशीन, रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात) दुहेरी किकसह पूर्ण मेटल, कोरसमध्ये सगळेच एकत्र आणि शेवटाकडे एक संथ ब्रेकडाउन.

आधी आकडे

ड्रॉप सी जुळणीत गिटारची सर्वांत खालची तार ६५.४ हर्ट्झवर बोलते आणि बेस गिटारची ३२.७ हर्ट्झवर. म्हणजे गिटारचा मूळ स्वर हा बेसच्या स्वराचा दुसरा उपस्वर, म्हणजे दुप्पट वारंवारतेचा स्वर, असतो. बेस गिटार वाजत असताना ६५ हर्ट्झचा आवाज गाण्यात तसाही येतच असतो; गिटारने तो वेगळा पुरवण्याची गरज नसते. मेटलच्या ध्वनिमुद्रणात गिटार ‘जड’ वाटते तेव्हा त्या जडपणाचा मोठा वाटा प्रत्यक्षात बेस गिटारचा असतो. गिटारवादकांना हे पटवायला वेळ लागतो, आणि बेसचा ट्रॅक बंद करून दाखवल्याशिवाय बहुधा पटतही नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. डिस्टॉर्शन केवळ उपस्वर वाढवत नाही, तर एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांच्या वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी असलेले नवे स्वरही निर्माण करते. पॉवर कॉर्डमध्ये सी आणि त्याचा पंचम जी असतो, ६५.४ आणि ९८ यांची वजाबाकी ३२.६ येते. म्हणजे गिटारवादकाने न वाजवलेला, बेस गिटारच्या खालच्या तारेचाच स्वर गिटारच्या ट्रॅकमध्ये आपोआप तयार होतो. तो ३२.७ शी पुरता जुळतही नाही. साधारण एक दशांश हर्ट्झचा फरक राहतो, आणि दोन्ही आवाज तुल्यबळ असतील तर खर्ज दर नऊ-दहा सेकंदांनी हळूच फुगतो आणि ओसरतो. गिटारचा १२ इंची स्पीकर ७०-८० हर्ट्झखाली झपाट्याने मंदावतो, त्यामुळे यातला बराच भाग कॅबिनेटमध्येच किंवा कॅबिनेटच्या इम्पल्स रिस्पॉन्समध्येच (कॅबिनेटच्या डिजिटल नकलेत) गळून पडतो. उरलेला मात्र हाय-पास फिल्टरने, म्हणजे ठरावीक वारंवारतेखालचा आवाज कापणाऱ्या गाळणीने, काढावाच लागतो.

तिसरी गोष्ट ऐकणाऱ्याच्या कानाची आहे. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, कारण एका तारेत अनेक उपस्वर एकत्र नांदत असतात. याच्या उलट प्रकारही घडतो: मोबाइलच्या स्पीकरमधून ३२ किंवा ६५ हर्ट्झ बाहेर पडतच नाही, पण ९८, १३०, १६३, १९६ असे वरचे उपस्वर कानावर आले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. मोबाइलवर तर या उपस्वरांतलेही फक्त वरचेच पोचतात. म्हणून बेसला वरच्या भागात थोडे डिस्टॉर्शन द्यावे लागते. ते नसेल तर मोबाइलवर गाण्यातून बेस गिटार सरळ नाहीशी होते.

खोली, वीज आणि जुळणी

आपल्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची शयनखोली १० फूट बाय १२ फूट असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या सर्वांत खालच्या अनुनादाची वारंवारता काढण्यासाठी ध्वनीच्या वेगाला अंतराच्या दुपटीने भागावे. वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १२ फुटांसाठी सुमारे ४७ आणि १० फुटांसाठी सुमारे ५६ हर्ट्झ येतात, म्हणजे दोन्ही नेमके किक आणि बेसच्या वस्तीत. छतही १० फुटांवर असेल तर ५६ हर्ट्झचा अनुनाद दोनदा लागतो. खोलीच्या अगदी मध्यभागी खुर्ची ठेवली तर या वारंवारता तिथे जवळजवळ ऐकूच येत नाहीत. मग माणूस त्या वाढवत राहतो आणि तेच गाणे दुसरीकडे वाजवले की भिंती थरथरतात. खुर्ची लांबीच्या मध्यावर न ठेवता समोरच्या भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर ठेवून सुरुवात करावी आणि तिथून पुढे-मागे सरकवून पाहावे. अंड्यांचे ट्रे किंवा भिंतीवर लावलेल्या गोधड्या यांचा खर्जावर काहीही परिणाम होत नाही, कारण ५० हर्ट्झच्या लहरीची लांबीच जवळजवळ ७ मीटर असते. चार ते सहा इंच जाडीचे रॉकवूलचे स्लॅब कापडात गुंडाळून खोलीच्या कोपऱ्यांत उभे करावेत. थोडाफार उपयोग होतो तो त्यांचाच.

खोली सुधारणे शक्य नसेल तर निदान ती ओळखून घ्यावी. सिंथवर साधी साइन लहर घेऊन ३० ते १२० हर्ट्झपर्यंतचा एकेक स्वर सारख्याच पातळीवर वाजवावा आणि कोणता स्वर बुडतो, कोणता अंगावर येतो, हे कागदावर लिहून तो कागद स्पीकरशेजारी चिकटवावा. माझ्या खोलीतला असा कागद मी आजही पाहतो आणि त्याने मला अनेक चुकीच्या निर्णयांपासून वाचवले आहे.

विजेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने गिटारमध्ये शिरणारी गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर असते. सोसायटीबाहेरचा ट्रान्सफॉर्मर ज्या स्वरात गुणगुणतो तो मुख्यतः १०० हर्ट्झचा. कान तयार करण्यासाठी तो फुकटचा तंबोराच आहे. ही गुणगुण एकच अरुंद पट्टा कापणाऱ्या नॉच फिल्टरने काढण्याचा मोह होतो, परंतु जी हा स्वर ४९ आणि ९८ हर्ट्झवर असल्यामुळे फिल्टर गुणगुणीबरोबर रिफमधला पंचमही खातो. त्यामुळे उपाय मुळाशीच करावा: गुणगुण रद्द करणारे, दोन वेटोळ्यांचे हमबकर पिकअप वापरावे, ध्वनिमुद्रण करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि गिटार हातात धरून खोलीत हळूहळू वळत, गुणगुण सर्वांत कमी होईल अशी दिशा शोधावी. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रण करताना केवळ खुर्चीची दिशा बदलल्याने आमचे निम्मे काम झाले होते.

जुळणी प्रत्येक टेकनंतर (मुद्रणाच्या फेरीनंतर) तपासावी. सिंथचा स्वर यंत्राने दिलेला असतो, तो तसूभरही हलत नाही. बेसची जाड, सैल तार मात्र जोराने छेडली की पहिल्या क्षणी चढी वाजते. नुसत्या मेटल बँडमध्ये हे खपून जाते. सिंथ शेजारी उभा राहिला की प्रत्येक चढ उघडा पडतो.

मालकी ठरवणे

आता गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे आणि प्रत्येक भागापुढे, साधारण १०० हर्ट्झखालचा प्रदेश कोणाचा, ते एका शब्दात लिहावे. आमच्या उदाहरणात कडव्यांचा मालक सब-बेस होता, कारण तिथे लांब, स्थिर स्वर होते आणि गिटार केवळ शिडकाव्यापुरती येत होती. रिफमध्ये मालकी बेस गिटारला दिली आणि सब-बेस पूर्ण बंद केला. जलद पाम-म्यूट (तळहाताने तार दाबून केलेले आघात) वाजत असताना प्रत्येक आघाताला जी धार लागते ती तारेवर पडलेल्या पिकमधूनच येते. साइन लहरीत ती नसते. कोरसचा निर्णय सर्वांत अवघड ठरला. तिथे बँडचा आग्रह दोन्ही ठेवण्याचा होता आणि तो आग्रह रास्तही होता. म्हणून बेस गिटारचा खालचा भाग काढून टाकला, त्या जागी तेच स्वर वाजवणारा सब ठेवला आणि बेस गिटारचा वरचा, गुरगुरणारा भाग तसाच राहू दिला. ऐकणाऱ्याला दोन वाद्ये ऐकू येत नाहीत. एकच अजस्र बेस ऐकू येतो. ब्रेकडाउनमध्ये पुन्हा सब.

मालकी बदलते तो सांधा मात्रेच्या सुरुवातीला यावा आणि तिथे २० ते ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरत असताना दुसरा चढवणे) द्यावा, नाहीतर टक असा आवाज येतो. सब-बेस आणि बेस गिटार एकत्र ठेवायचेच असतील, तर एकाची फेज (लहरीच्या चढ-उताराची स्थिती) उलटी करून दोन्ही स्थितींत ऐकावे आणि ज्या स्थितीत खर्ज भरीव लागतो ती ठेवावी. तरीही हा मार्ग मला पसंत नाही, कारण तारेचा स्वर हलत राहतो आणि एका स्वरावर जुळलेली फेज पुढच्या स्वरावर विस्कटते.

बेस गिटारच्या दोन शाखा

बेसचे ध्वनिमुद्रण अँपशिवाय थेट, म्हणजे डीआय पद्धतीने, स्वच्छ करून घ्यावे आणि तो ट्रॅक दोन शाखांत विभागावा. विभागणी साधारण १८० हर्ट्झवर ठेवून २४ डेसिबल प्रति सप्तक उताराचा लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर (आवाज खालच्या व वरच्या भागांत वाटणारा फिल्टर) वापरावा. त्याच्या दोन्ही बाजू पुन्हा एकत्र केल्या की पातळी सपाट राहते.

खालच्या शाखेचे काम एकच: हलायचे नाही. तिथे ८:१ प्रमाणाचा कॉम्प्रेसर किंवा सरळ लिमिटर (ठरावीक पातळीपुढे जाऊच न देणारा) लावून ८ ते १० डेसिबलपर्यंत दाबले तरी चालते. रिलीज (दाब सोडण्याचा वेळ) मात्र फार जलद ठेवू नये. ३२.७ हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन जवळजवळ ३१ मिलिसेकंदांचे असते, आणि कॉम्प्रेसर त्याहून लवकर सुटू लागला तर तो वादनाची पातळी सांभाळण्याऐवजी लहरीचाच आकार बदलू लागतो. रिलीज ६० मिलिसेकंदांच्या वर ठेवली की हा धोका बराच टळतो. ही शाखा पूर्णपणे मोनो (डावी-उजवी सारखीच) असावी.

वरच्या शाखेवर डिस्टॉर्शन लावावे, आणि ते एकटे ऐकताना थोडे कर्कश वाटेल इतके लावावे, कारण गिटारच्या भिंतीमागे गेल्यावर त्यातला निम्मा कर्कशपणा झाकला जातो. ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास बेसची गुरगुर असते आणि २ ते ३ किलोहर्ट्झवर पिकचा आघात. ५-६ किलोहर्ट्झच्या वर लो-पास फिल्टर (त्यावरचा आवाज कापणारा) लावून ती जागा गिटार आणि झांजांना सोडावी. वरच्या शाखेसाठी प्रत्यक्ष अँप आणि मायक्रोफोन वापरला असेल तर लक्षात ठेवावे की स्पीकरपासून प्रत्येक फुटामागे आवाज सुमारे ०.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो ट्रॅक तेवढा पुढे ओढून डीआयशी जुळवून घेतला नाही तर दोन शाखांच्या सांध्यावर खळगा पडतो.

किक आणि साइडचेन

मिनिटाला १४० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा ४२९ मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग १०७ मिलिसेकंदांचा. दुहेरी किक या चौथ्या भागांवर चालते, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये फक्त १०७ मिलिसेकंद असतात. किकचा मूळ स्वर ६० हर्ट्झवर असेल तर तेवढ्या वेळात त्याची जेमतेम सहा आवर्तने बसतात. इलेक्ट्रॉनिक संगीतातली लांब शेपटीची किक इथे बसतच नाही. रिफसाठी ९० मिलिसेकंदांत संपणारी वेगळी, तोकडी किक घ्यावी आणि लांब शेपटीची किक कडवी व ब्रेकडाउन यांसाठी राखून ठेवावी. एकच किक गाणेभर वापरण्याचा हट्ट मला अनाठायी वाटतो.

किक बेसच्या वर बसवायची की खाली, हा जुना प्रश्न आहे. ड्रॉप सीमध्ये बेस ३२.७ पर्यंत उतरत असल्याने तिच्याखाली जागाच उरत नाही. ६५ वर बेसचा दुसरा उपस्वर असतो. म्हणून आम्ही किक ४९ हर्ट्झवर, म्हणजे सीच्या पंचमावर जुळवली, आणि ती ३२.७ आणि ६५.४ यांच्या मधल्या मोकळ्या जागेत नीट बसली. किकचा टोकदार आघात ४ ते ५ किलोहर्ट्झवर असतो. दुहेरी किकमध्ये कान मुख्यतः त्या आघातावरच ठोके मोजतात, तेव्हा तो गिटारच्या आवाजात बुडू देऊ नये.

साइडचेन फक्त खालच्या शाखेवर आणि सब-बेसवर लावावे. पूर्ण बेसवर लावले तर रिफची गुरगुरही किकबरोबर दबते आणि मेटलच्या भागात नको असलेली उचकी लागते. रिफमध्ये अटॅक (दाब सुरू होण्याचा वेळ) १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी, रिलीज ८० मिलिसेकंदांच्या आसपास आणि दाब ४ डेसिबलपर्यंत ठेवावा. रिलीज १०७ च्या पुढे गेली तर बेसला परत वर यायला अवधीच मिळत नाही आणि दुहेरी किक सुरू असेपर्यंत तो बुडालेलाच राहतो. कडव्यांत मात्र मनमोकळेपणाने १० डेसिबल दाबावे आणि रिलीज २०० मिलिसेकंदांपर्यंत न्यावी. तिथे सब-बेसचे ते श्वास घेणे हाच त्या संगीताचा अलंकार आहे.

गिटार

डावी आणि उजवी गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून घ्यावी. एकच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला १५ मिलिसेकंद उशिरा ठेवण्याची पळवाट अजिबात वापरू नये: मोनोमध्ये ऐकताना ३३ हर्ट्झवर पहिली खाच पडते आणि पुढे दर ६७ हर्ट्झला एक, आणि गिटार पत्र्याच्या पाइपमधून आल्यासारखी वाटते. दोन खऱ्या टेकमध्ये हाताचा जो सूक्ष्म फरक असतो, रुंदी त्यातूनच येते. गेन (डिस्टॉर्शनचे प्रमाण) एकट्या गिटारला जितका योग्य वाटतो त्याहून कमी ठेवावा, कारण दोन किंवा चार टेक एकावर एक चढले की डिस्टॉर्शनचा दाटपणा आपोआप वाढतो. जास्त गेनमध्ये आघाताची धार बोथट होते, आणि यंत्राच्या लयीला चिकटलेल्या ड्रमसमोर बोथट गिटार मागे पडल्यासारखी भासते.

स्वर सुरू कुठे होतो यापेक्षा तो थांबतो कुठे, याकडे अधिक लक्ष द्यावे. सिंथ आणि ड्रम मशीन क्षणात गप्प होतात. गिटारची तार थोडी रेंगाळते आणि त्या रेंगाळण्याने पूर्ण भागाचा कस जातो. प्रत्येक थांब्यावर गिटार आणि बेस एकाच जागी कापावेत. नॉइज गेट (शांततेत आवाज बंद करणारा) डिस्टॉर्शननंतर लावावा, पण त्याच्या उघडमिटीची चावी स्वच्छ डीआय ट्रॅकला द्यावी. डिस्टॉर्शन लावलेल्या आवाजात शांतता आणि वादन यांतला फरक फार थोडा उरतो, डीआयमध्ये तो स्पष्ट असतो, म्हणून गेट अचूक उघडतो आणि अचूक मिटतो.

ईक्यूमध्ये पहिला हाय-पास फिल्टर. ड्रॉप सीसाठी तो ७५ ते ८५ हर्ट्झवर, १२ डेसिबल प्रति सप्तक उताराचा पुरतो. गिटारचा मूळ स्वर त्यामुळे थोडा कमी होईल, आणि तो व्हावा अशीच इच्छा आहे, कारण ती जागा बेसची ठरली आहे. वरच्या बाजूला ९ ते १० किलोहर्ट्झवर लो-पास. त्यानंतर ६ ते ८ किलोहर्ट्झमधली बारीक सरसर शोधून अरुंद पट्ट्यात दोन-तीन डेसिबल कमी करावी. ५०० ते ८०० हर्ट्झचा मधला भाग खोल कापण्याची सवय घरी एकट्याने वाजवणाऱ्यांना असते. बँडमध्ये आणि विशेषतः सिंथसोबत गिटार दिसते ती याच भागामुळे, म्हणून तो कापू नये.

पाम-म्यूटचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. तळहाताने दाबलेल्या तारेवर आघात केला की १०० ते २२० हर्ट्झमध्ये एक धप्प असा फुगवटा येतो. हा भाग कायमचा कापला तर म्यूट नीट बसतात, पण मोकळे कॉर्ड हाडकुळे होतात. इथे डायनॅमिक ईक्यू किंवा मल्टिबँड कॉम्प्रेसर वापरून तेवढाच पट्टा, आणि तोही फुगवट्यापुरता, ३ ते ५ डेसिबल दाबावा. संपूर्ण मिक्सिंगमध्ये गिटारसाठी एकच प्रक्रिया करायची मुभा दिली तर मी हीच निवडेन. मोकळा कॉर्ड वाजताना दाब दाखवणाऱ्या मीटरची सुई जवळजवळ हलता कामा नये, आणि म्यूट पडताच ती खाली गेली पाहिजे. थ्रेशोल्ड (दाब सुरू होण्याची पातळी) त्या बेताने लावावा.

सिंथ आणि गिटार

सिंथची सॉ (करवतीच्या दातांसारखी) लहर सर्व उपस्वरांनी भरलेली असते: दुसरा उपस्वर मूळ स्वराच्या निम्मा, तिसरा एक तृतीयांश, असा उतरत जाणारा. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारमध्येही असाच दाट भरणा असतो. दोन्ही एकाच सप्तकात, एकाच लयीत वाजले तर ते एकमेकांना झाकतात आणि दोन्ही लहान वाटतात. सर्वांत चांगला उपाय रचनेतच आहे: सिंथ एक सप्तक वर न्यावा किंवा गिटार थांबते तिथे त्याला बोलू द्यावे. ते जमत नसेल तर सिंथला ३०० हर्ट्झवर हाय-पास लावावा, आणि गिटार वाजत असताना सिंथचा १.५ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा साइडचेनने दोन-तीन डेसिबल झुकेल अशी व्यवस्था करावी.

रुंदीचेही तसेच. गिटार पूर्ण डावी-उजवीकडे असेल तर सिंथ मध्याजवळ ठेवावा. कडव्यांत सिंथ रुंद असेल तर गिटार एकच आणि मध्यात. सगळेच रुंद केले तर काहीच रुंद वाटत नाही, आणि कडव्यातून कोरसमध्ये जाताना दार उघडल्यासारखा जो अनुभव यायला हवा तो येत नाही. अनेक आवाज किंचित बेसूर करून एकत्र केलेला रुंद सिंथ मोनोमध्ये पातळ होतो, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पातळी आणि तपासणी

काम कोरसपासून सुरू करावे, कारण तिथे गर्दी सर्वाधिक असते. कोरस बसला की कडवी सोपी जातात. आधी ड्रम, मग बेसच्या दोन शाखा, मग गिटार. गिटारचा फेडर स्नेअर (ड्रमसेटमधला तडतडणारा ड्रम) बुडू लागेपर्यंत वर न्यावा आणि तिथून दीड डेसिबल खाली आणावा. सिंथ शेवटी. मग बेस बंद करून गिटार ऐकावी: ती थोडी पातळ वाटली तर काम बरोबर चालले आहे. बेस बंद केल्यावरही गिटार भरदार वाटत असेल, तर ती बेसच्या जागेत बसलेली आहे.

ऐकण्याची पातळी दररोज तीच ठेवावी. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले आहे. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी करून केलेले खर्जाचे निर्णय सकाळी चुकीचे ठरतात. रात्री दहानंतर मी संपादन आणि गेटची कामे करतो आणि बेसला हात लावत नाही.

साधनांवर खर्च करण्याची घाई नको. टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू, व्हॉक्सेंगो स्पॅन हा स्पेक्ट्रम दाखवणारा मीटर, न्यूरल अँप मॉडेलर ही गिटार अँपची नक्कल आणि व्हायटल हा सिंथ यांच्या विनामूल्य आवृत्त्यांवर वर सांगितलेले बहुतेक सर्व करता येते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करून संगीत करणाऱ्या मुलांना मी हेच सांगत आलो आहे.

मिक्स तयार झाले की तीन ठिकाणी ऐकावे: मोनोत मोबाइलवर, ओळखीच्या हेडफोनवर आणि गाडीत. गंगापूर रोडवरून गाडी चालवत ऐकताना इंजिनाच्या आणि टायरच्या आवाजात खर्जाचा बराचसा भाग बुडतो. तरीही रिफ कळला तर बेसची वरची शाखा पुरेशी आहे असे समजावे. गाडी थांबवून पुन्हा ऐकावे. तेव्हा डॅशबोर्ड थरथरत असेल तर सब-बेस दोन डेसिबल खाली आणावा.

मास्टरिंगसाठी (मिक्सवरच्या अंतिम प्रक्रियेसाठी) देताना मुख्य ट्रॅकवरचा लिमिटर काढून टाकावा, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवावी आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल काढावी. स्पॉटिफाय गाणी सर्वसाधारणपणे उणे १४ एलयूएफएसच्या (जाणवणाऱ्या आवाजाच्या मापाच्या) पातळीवर आणून वाजवते, त्यामुळे मिक्स दाबून मोठा करण्यात हशील नसते. सोबत खालची शाखा आणि सब-बेस यांची एक वेगळी फाइल द्यावी आणि कोणत्या भागात मालकी कोणाची आहे ती यादी तिच्यासोबत लिहून पाठवावी, म्हणजे मास्टरिंग करणाऱ्याला खर्ज कमी-जास्त करायचा झाला तर गिटारला धक्का न लावता तो करता येईल.